शिळ्या रश्शाची मीमांसा

विषयप्रवेश

विद्वानांनी रायगडाच्या पायऱ्या मोजल्या, शिलालेख वाचले, राजवाड्याच्या जोत्यांवर वाद घातले. पण त्याच गडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीत, रविवारी शिजलेल्या गावठी कोंबडीचं सोमवारी काय होतं, या प्रश्नाला कुणी हात घातलेला नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

वाडीचं नाव जिच्यावरून पडलं त्या हिरकणीची कथा सर्वांना ठाऊक आहे. कोजागिरीला गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून आली. बाळ काय प्यालं ते कथेवरून समजतं. आई काय जेवली, हे मात्र कुणीच विचारलेलं नाही. एवढा कडा उतरल्यावर तिनं नव्यानं चूल पेटवली असेल असं आम्हांस वाटत नाही. सबब वाडीच्या नावातच शिळ्या अन्नाचा इतिहास आहे, असा आमचा पक्ष आहे. पुरावा मागू नये.

ऐतिहासिक साधनं

1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता. जॉन फ्रायरच्या प्रवासवृत्तात त्याची नोंद आहे. तिथला म्हातारा खाटीक या इंग्रज गिऱ्हाइकांना डोळ्यांनी पाहायला मुद्दाम गड चढून आला, म्हणे. त्यानं कित्येक वर्षांत विकलं नव्हतं इतकं मटण या मंडळींनी थोड्या दिवसांत फस्त केलं होतं. अभ्यासकांनी नोंद घ्यावी: काही उरलं, असा उल्लेख नाही. उरवण्याची विद्या साहेब पुढे कधीतरी शिकला असावा.

प्रमेय पहिलं: कोंबडी उरत नाही, रस्सा उरतो

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी टर्की भाजतात. पक्षी सहा-सात किलोचा, घरात माणसं पाच. पुढचे चार दिवस तेच मांस पावात, सुपात आणि कोशिंबिरीत भेटत राहतं. ते कोरडं, म्हणून त्याला ओलं करण्यासाठी नाना सॉस. आमच्याकडे गणित उलटं आहे. गावठी कोंबडी साफ केल्यावर जेमतेम किलोभर आणि पाटावर माणसं सात. तंगड्या पहिल्या पंगतीत संपतात, काळीज-पेटा तर पातेलं उतरायच्या आधीच. मागे राहतो तो रस्सा आणि त्यात लपलेला एखादा मानेचा तुकडा. त्यांना मांस ओलं कसं करावं ही चिंता, आम्हांला ओलाव्यात मांस कुठे आहे ही.

प्रमेय दुसरं: रस्सा आपोआप उरत नाही

1996 पासून रज्जुमार्ग वाडीतूनच वर जातो. पर्यटक वर जाताना जेवण सांगतात आणि गडावर ताक-लिंबूसरबत ढोसून, अर्ध्या भुकेनं खाली येतात. त्यामुळे उरतं, असा पूर्वपक्ष आहे. तो टिकत नाही, कारण पाहुणे नसलेल्या घरातही रस्सा उरतोच. खरं कारण वाटणात आहे. भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण परतून झालं की रांधणारी बाई तांब्याभर गरम पाणी जास्त घालते, आणि घालताना उद्याचा विचार करते. एका ज्येष्ठ रांधणाऱ्या मावशींना आम्ही नम्रपणे विचारलं, “रस्सा उरलाय का?” उत्तर आलं, “उरला नाय. ठेवलाय.” प्रबंधाचं निम्मं काम तिथेच झालं.

वारविचार

हे प्रकरण सर्वांत गहन. रविवारी कोंबडी. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा. पुढचा मोकळा वार बुधवार. म्हणजे रस्सा एकतर रविवारी रात्री संपला पाहिजे किंवा बुधवारपर्यंत तगला पाहिजे. आता अन्नसुरक्षेचं शास्त्र सांगतं की शिजवलेली कोंबडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस चालते. रविवार दुपार ते बुधवार दुपार बरोबर तीन दिवस! देव आणि जिवाणू यांच्यात इतकं एकमत अन्यत्र आढळत नाही.

अपवाद गटारीचा. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, तेव्हा त्या रश्शाला पुढची तारीखच नाही. आषाढ अमावास्येच्या रात्री अकराला घरात कोणी उपाशी नसताना भाकऱ्या थापल्या जातात, त्या यामुळे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचा पेच याहून नाजूक. 2025 साली टर्कीचा गुरुवार आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी, 27 नोव्हेंबरला आले. घट मांडलेल्या घरात टर्की कापणं अशक्य. शेजाऱ्यांनी आणून दिलेली शुक्रवारी खाणं मात्र शास्त्रशुद्ध. निष्कर्ष: ताज्या अन्नापेक्षा शिळं अधिक सोवळं असू शकतं.

धर्मशास्त्र व रसायन

गीतेचा 17वा अध्याय शिळं अन्न तामसांच्या आवडीचं ठरवतो. मनुस्मृती जरा सैल आहे: तेलातुपानं माखलेलं शिळं तिला चालतं, म्हणजे तवंगाला सूट. परंतु 25 डिसेंबर 1927 रोजी महाडातच ज्या ग्रंथाचं दहन झालं, त्याचा दाखला याच तालुक्यात बसून देणं आम्हांस शोभत नाही. सबब रसायनाकडे वळतो. गावठी कोंबडी रानात हिंडलेली, वयानं मोठी, म्हणून तिच्या सांध्यांत कोलॅजन भरपूर. ते शिजताना विरघळून जिलेटिन होतं आणि गार रस्सा थुलथुलीत गोठतो. मसाल्याचे पुष्कळसे सुवास स्निग्धांशात विरघळतात, ते रात्रभर तवंगात मुरतात. दुसऱ्या दिवशी तोच रस्सा दाट आणि शहाणा लागतो.

पथ्य एकच: लागेल तेवढाच काढावा आणि रटरटून उकळावा. नुसता कोमट करणाऱ्यास या शास्त्रात प्रवेश नाही.

विनियोग

कनिष्ठ: गरम भातावर ओतणं. मध्यम: तांदळाच्या शिळ्या भाकरीचा रश्शात कुस्करा. उत्तम: रस्सा उकळत असताना त्यात अंडी फोडून सोडणं, म्हणजे चौघांचा रस्सा सहा जणांचा होतो आणि कुणाला मान आली याची चौकशी थांबते. बटाटा घालणं हा आपद्धर्म, त्याची वाच्यता घराबाहेर करू नये.

पुढील संशोधनाची दिशा

रस्सा कुणी ठेवला, कुठे ठेवला आणि कुणी खाल्ला, हे प्रश्न आता सुटले आहेत. तळाला तिखट तेल आणि खोबरं चिकटलेलं ते पातेलं घासायचं कुणी, हा विषय मोकळा आहे. रविवारी दोनदा रस्सा वाढून घेणाऱ्या पुरुष अभ्यासकांचे अर्ज मागवले होते. मुदत दोनदा वाढवली आहे.