आधी वेलांटी की आधी ज?

नगर जिल्ह्यात तालुके चौदा आणि मराठी टायपिंगचे पंथ तीन. जिल्ह्याचं विभाजन एक वेळ होईल, पण या तिघांचं मनोमीलन व्हायचं नाही. खात्री करायची असेल, तर तहसील कचेरीसमोरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा. ‘अर्ज टाइप करून हवाय’ एवढंच म्हणा आणि बाजूला सरका.

पहिला पंथ रेमिंग्टनचा. त्याचे महंत म्हणजे दुकानाचे मालक, काका. काका गोदरेजच्या यंत्रावर शिकले, मराठी तीसची परीक्षा पास झाले आणि तेव्हापासून त्यांची बोटं बदललेली नाहीत. खालचं यंत्र तेवढं बदललं. दुसरा पंथ इनस्क्रिप्टचा. केंद्र सरकारनं तो १९८६ साली आणला, १९९१ साली त्याला भारतीय मानकाचा टिळा लागला आणि तलाठी भाऊसाहेब त्याचे निष्ठावंत. तिसरा पंथ फोनेटिकचा. त्याचा प्रचारक काकांचा भाचा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत पडद्यावरची बटणं कुठं असावीत हे ठरवतो आणि सुट्टीत मामाकडे येऊन तेच करतो.

वादाला एक शब्द पुरतो: ‘जिल्हाधिकारी’. काका आधी वेलांटी मारतात, मग ज. भाऊसाहेब आधी ज मारतात, मग वेलांटी.

“वेलांटी दिसते कुठं? जच्या आधी. मग आधीच मारायची,” काका म्हणतात.

“पण काका, तोंडातून आधी काय येतं? तुम्ही काय ‘इज्ल्हाधिकारी’ म्हणता का?”

“तोंडानं टाइप करत असाल तर तुमचं बरोबर आहे.”

‘कार्यालय’ आलं की तोच तमाशा रफारावरून. काका य, काना सगळं बसवून शेवटी वर रफार चढवतात. भाऊसाहेब र आधी उच्चारतात म्हणून आधीच मारतात. मग भाऊसाहेब शास्त्र काढतात. “डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. कवर शिफ्ट दाबली की ख, गवर दाबली की घ. बालवाडीतल्या पोराला कळेल.”

“मग बालवाडीतलीच पोरं बसवा कचेरीत. आणि हे न, म, व डाव्या हाताला काय करताहेत?”

भाऊसाहेब क्षणभर कीबोर्डाकडे पाहतात. “ते प्रतिनियुक्तीवर आहेत.”

इथं भाच्याला राहवत नाही. “मामा, एन-ए-जी-ए-आर मारा, नगर येतं. शिकायचं असं काही नाहीच.”

“अकोळनेर लिही बरं.”

पडद्यावर अकोलनेर उमटतं. “एल मोठा मारायचा होता,” भाचा पुटपुटतो.

“मग हे शिकायचं नाही तर काय रे?”

तिघांचा दावा एकच असतो: माझं आपोआप येतं. काकांचं आपोआप यायला टायपिंग क्लासची फी लागली. भाऊसाहेबांचं आपोआप यायला सरकारी परीक्षा लागली. आणि भाच्याची रोमन अक्षरं आपोआप यावीत म्हणून त्याच्या वडिलांनी बालवर्गापासून इंग्रजी माध्यमाला किती मोजले, ते मेहुण्यांनाच विचारा. फी कधी भरली याचा विसर पडला की कला उपजत वाटू लागते.

अमेरिकेत वेगळं काही घडलं नाही. तिकडच्या प्रोग्रामरांत व्हीआय आणि ईमॅक्स या दोन एडिटरांवरून पिढ्यान्‌पिढ्या जुंपलेली आहे. दोन्ही १९७६ सालचे. व्हीआय लिहिणारे बिल जॉय ज्या टर्मिनलवर बसत, त्यावर बाणांची चिन्हं एच, जे, के, एल याच कळांवर छापलेली होती. म्हणून त्या पंथात आजही खालच्या ओळीवर उतरायला जे दाबतात. टर्मिनल भंगारात गेलं, बोटं राहिली. त्याचाच वारस व्हिम. ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं’ हा प्रश्न दहा लाख वेळा पाहिला गेल्याचं स्टॅक ओव्हरफ्लोनं २०१७ साली जाहीर केलं. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळाचं नेमकं उलटं: तिथं आत शिरणं अवघड, आणि बाहेर कसं पडायचं हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा भाच्याला आपली वेळ आल्यासारखं वाटलं. “मिनिटाचं काम आहे मामा. शोधा आणि बदला.” त्यानं काकांच्या फायलीत अहमदनगर शोधलं. संगणक म्हणाला, सापडलं नाही. अहमदनगर तर समोर ढळढळीत दिसतंय! पण काकांची फाइल कृतिदेव फॉन्टातली. तो फॉन्ट इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी कपडे चढवतो. त्यातलं ‘नगर’ संगणकाच्या लेखी यू, एक्स, जे एवढंच असतं. भाऊसाहेबांच्या युनिकोडमध्ये खरोखरचे न, ग, र. डोळ्यांना एकच गाव, आणि संगणकाच्या दप्तरी दोघांचे सातबारे वेगळे.

“यूएक्स!” भाचा ओरडला. वापरणाऱ्याला आपलं यंत्र किती सुखाचं वाटतं, या विद्येला त्याच्या कंपनीत यूएक्स म्हणतात.

“आमच्या नगरात ते पहिल्यापासूनच आहे,” काका म्हणाले.

खरं तर हा प्रश्न याच जिल्ह्यात, नेवाशात, १२९० साली सुटला होता. ज्ञानेश्वर बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहीत होते. वेलांटी आधी की नंतर, हे विचारायला बोलणाऱ्याला कोणी थांबवल्याची नोंद नाही. पुढं १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी प्रत शुद्ध करून दिली. एडिटर मिळायला सुमारे तीनशे वर्षं लागली, पण असा एडिटर मिळाला की कुठल्याही पंथानं नाव ठेवू नये.

कचेऱ्यांतले साहेब आजही नेवाशाचीच पद्धत चालवतात: साहेबांनी बोलायचं, समोरच्यानं लिहायचं. फरक मजकुरात आहे. साहेब बोलतात ते एकच वाक्य: “मागच्यासारखंच घे, तारीख बदल.” त्याला वेलांटी लागत नाही, रफार लागत नाही, उच्चाराचा प्रश्न येत नाही. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही पुरतात. आणि या दोन कळांबाबत तिन्ही पंथांत आजवर मतभेद झालेला नाही.