डाव माझ्या हातात

माणसाने व्यक्त झालं पाहिजे, असं हल्ली जो तो म्हणतो. मी व्यक्त व्हायला केव्हाही तयार असतो. अडचण ऐकणाऱ्यांची आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा मी तीस उन्हाळे नेमाचा श्रोता. मागून तिसऱ्या रांगेत बसून मी जगाची मतं ऐकली, काही डुलक्यांमधून. घरी येऊन स्वतःचं मत सांगायला तोंड उघडलं की ही म्हणते, "आधी दूध बघा, उतू जाईल."

म्हणून गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंट निघालं आणि अठरा बिऱ्हाडांचे दोन तट पडले, तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. 'पाडा' गटाला लिफ्ट, वाढीव कार्पेट आणि कॉर्पस हवा होता. 'राहू द्या' गटाला दारातला आंबा तुटायला नको होता, शिवाय बिल्डर भाडं सहा महिने देतो आणि मग फोन उचलत नाही, अशी त्यांची पक्की ऐकीव माहिती होती. संक्रांतीला तिळगूळसुद्धा गटवार वाटला गेला. गोड बोलायचं ते आपापल्यात.

मी कुठल्याच गटात नव्हतो. त्यात तत्त्व वगैरे काही नाही; मला दोघांचंही पटायचं, शेवटी जो बोलेल त्याचं थोडं जास्त. आणि काय आश्चर्य, लोक मला विचारू लागले! तळमजल्यावरच्या काकांनी एकदा जिन्यात थांबवलं. "तुमचं वाचन आहे. तुम्हाला काय वाटतं?" समंजस संवाद या विषयावर मी पस्तीस मिनिटं बोललो. काका पिशवी हातात घेऊन उभे होते. मी बोलायला लागलो तेव्हा पिशवीतली मेथी ताठ होती. संपवलं तेव्हा तिने मान टाकली होती. काकांनी टाकली नव्हती.

हे घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, ते तुम्हाला नाही, तुमच्या सहीला ऐकतायत. नऊ तिकडे, आठ इकडे. एक्कावन्न टक्क्यांना दहा लागतात."

२०१९ च्या सरकारी निर्णयाने ही टक्केवारी खाली आली, हे तिला माहीत असावं याचं मला वाईट वाटलं. बाकी बोलणं मी मत्सरात जमा केलं आणि गच्चीवर चहापानाचा घाट घातला.

नियम मीच केले. कोणी कोणाला मध्येच तोडायचं नाही. आणि बोलेल तो फक्त, ज्याच्या हातात डाव असेल तो. डाव म्हणजे आमच्या घरातला भाताचा, स्टीलचा. प्रास्ताविकापुरता तो माझ्याकडे राहणार होता. पाऊण तास झाला तरी तो माझ्याकडेच होता.

मी पंचहौद मिशनची हकिगत लावली होती. ऑक्टोबर १८९०. एकमेकांशी न पटणारे रानडे आणि टिळक दोघेही तिथल्या व्याख्यानाला हजर. ते संपल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायले, कोणी कप नुसता हातात धरला. ज्यांनी हे जुळवून आणलं ते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, खोड्या काढण्यात पटाईत. त्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात बहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्तं झाली.

"तात्पर्य," मी डाव उंचावला, "मतभेद असोत, चहा एकत्र प्यावा!"

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी हात वर केला. "म्हणजे भानगड चहाने झाली नाही. यादीने झाली."

"अगदी बरोबर!" इतकं लक्ष देऊन मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"मग ही जी फिरतेय, ती कसली?"

ती माझी हजेरी होती. फुलस्केपवर रकाने आखून अनुक्रमांक, नाव, फ्लॅट, सही. पहिली सही माझीच, झोकदार. मथळा मात्र नंतर निवांत, वळणदार अक्षरात काढू म्हणून मी वर चार बोटं जागा कोरी सोडली होती.

वर कोरी जागा, खाली सह्या. रीडेव्हलपमेंटच्या काळात असा कागद म्हणजे काय, हे मी सोडून गच्चीवर सगळ्यांना कळलं.

"संमतिपत्र आहे हे!" राहू द्यावाले ओरडले. "हा डाव आहे!"

माझं लक्ष हातातल्या वस्तूकडे होतं. "अर्थात हा डाव आहे," मी म्हणालो, "आणि तो माझ्या हातात आहे!"

यानंतर नियम पाळणं कोणाला जमलं नाही. कप लवंडले. काकांनी कागदाचे चार तुकडे केले, तर पाडावाले ते गोळा करायला धावले, कारण एका तुकड्यावर माझी सही शाबूत होती. नियमांचा जनक या नात्याने सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होतो, असं नंतर समजलं. शेवटी सही धरायची की नाही, हे बघायला सेक्रेटरींनी खालून सभासद नोंदवही आणली. दोन्ही गट पहिल्यांदाच एका वहीवर डोकी टेकवून उभे राहिले.

"फ्लॅट अकरा," सेक्रेटरींनी वाचलं. "पहिलं नाव वहिनींचं. तुम्ही सहयोगी सभासद."

घर घेताना कर्ज हिच्या नोकरीवर निघालं होतं. माझ्या ते ध्यानात राहिलं नव्हतं. हिच्या होतं.

गच्चीवर एकदम शांतता झाली. सतरा माना माझ्यावरून वळल्या आणि कठड्याशी कप गोळा करणाऱ्या हिच्यावर थांबल्या. चेअरमननी हातातला ट्रे काढून घेतला. काकांनी माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसा वहिनी. बोला. आम्ही ऐकतो."

"बोलेन की, सवडीने," ही म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आधी तो डाव द्या इकडे. रात्री भात काय हाताने वाढू?"