80 पैशांची वामकुक्षी

पुण्यात दुपारी 1 ते 4 काय मिळतं, या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं: काही नाही. 2017 साली चितळ्यांनी दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. बाकरवडी दुपारी मिळणार ही बातमी होऊ शकते असं दुसरं शहर शोधून दाखवा. आता त्याच वेळात आणखी एक गोष्ट मिळू लागली आहे, आणि तीही स्वस्तात. वीज.

जुलै 2025 पासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे टीओडी मीटर बसलाय, त्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सवलत मिळू लागली. टप्प्याटप्प्याने ती 1 रुपयापर्यंत न्यायचं ठरलंय. टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’. हाच मीटर आधी ‘स्मार्ट प्रीपेड’ म्हणून येणार होता. आधी पैसे भरा मग पंखा लावा, हे लोकांना रुचलं नाही, ओरड झाली, आणि 2024 च्या जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं. मग मीटर पोस्टपेड झाला आणि त्याचं टीओडी असं नव्याने बारसं झालं. आपल्याकडे रस्त्याचं नाव बदललं की खड्डे बुजल्यासारखे वाटतात, त्यातलाच प्रकार. पण सवलत खरी आहे.

मी ही वार्ता उत्साहाने घरात नेली. “आजपासून वॉशिंग मशीन दुपारी लावायचं.”

“कुणी?” बायकोने विचारलं.

ऊर्जाधोरणावर इतकी नेमकी टीका मी आजवर ऐकलेली नाही. आम्ही दोघंही 9 ते 5 घराबाहेर. मशीन सुरू करायला कोण? भांड्यांच्या मावशी येतात साडेआठला. म्हणजे वीज स्वस्त होईपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असतं. त्यांना म्हटलं, जरा उशिरा या. त्या म्हणाल्या, “दादा, नऊला मी पलीकडच्या बिल्डिंगीत असते.” मावशींचेही टाइम ऑफ डे ठरलेले आहेत, आणि त्यात कुणालाच सवलत नाही.

मुळात ही 9 ते 5 ची भानगड आली कुठून? काही वर्षांपूर्वीपर्यंत हेच गणित बरोब्बर उलटं होतं. कारखान्यांना वेळेनुसार दर आधीपासूनच आहेत, आणि त्यांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात युनिटमागे चक्क दीड रुपया सवलत असायची. सकाळी 9 ते 12 आणि संध्याकाळी 6 ते 10 ला उलट जादा आकार. कोळशाचे संच रात्री बंद करून सकाळी पुन्हा पेटवणं म्हणजे महिनाभर गावाला गेलेल्या माणसाने फ्रीज चालू ठेवावा की बंद करावा, तसला पेच. त्यापेक्षा घ्या बाबांनो रात्री, असं होतं ते. भट्टीवाले रात्रपाळी लावायचे. विलायतेत तर घरांसाठीही ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची योजना होती: रात्रीचे सात तास स्वस्त. जगभर वीज झोपेत स्वस्त होती, फक्त रात्रीच्या.

मग सूर्य आला. म्हणजे होताच, पण आता तो विजेच्या धंद्यात आला. राळेगणसिद्धीच्या सौर कृषी वाहिनीपासून ते आपल्या शेजारच्या गच्चीपर्यंत पॅनेलं लागली. दुपारी बारा-एकला त्यांची वीज धो धो येते आणि ती साठवायची म्हटलं तर महाग. आणि संध्याकाळी सहा-सातला, नेमके आपण घरी येऊन दिवा, पंखा, टीव्ही, मिक्सर, इंडक्शन, गाडीचा चार्जर हे सगळं एकदम लावतो तेव्हा, सूर्य ऑफिस सुटल्यासारखा निघून जातो. तिकडे कॅलिफोर्नियात सौर वीज वजा जाता उरणाऱ्या मागणीच्या आलेखाला बदक म्हणतात: दुपारी पोट खाली, संध्याकाळी मान वर. केंद्र सरकारने 2023 च्या जूनमध्ये नियम काढला की सौर तासांत वीज स्वस्त करा, आणि शेती सोडून बाकीच्या ग्राहकांनाही 1 एप्रिल 2025 पर्यंत वेळेनुसार दर आणा. थोडक्यात, बदकाचं पोट भरायला आता तुम्ही-आम्ही हवे आहोत.

मी भरायला निघालो. आमच्या नव्या मीटरवर 3200 असा आकडा छापलाय. म्हणजे त्यावरचा लाल ठिपका 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. जुन्या मीटरची चकती फिरायची, तिच्यावरची काळी खूण पुन्हा कधी समोर येते ते बघत लहानपणी मे महिन्याच्या दुपारी काढल्यात. या ठिपक्यात ती मजा नाही, पण तो चुगलखोर जास्त आहे. एका रविवारी मी जिन्याखाली मीटरपाशी स्टूल टाकून बसलो आणि फोनवरून घरात हुकूम सोडू लागलो. गीझर लावा. ठिपका सेकंदाला जवळजवळ दोनदा, धाप लागल्यासारखा. गीझर बंद, मिक्सर लावा. थोडा दम खाल्ला. आता फ्रीजसकट सगळं बंद करा. ठिपका थांबला. मी समाधानाने उठणार इतक्यात पुन्हा लुकलुकला. घड्याळ लावलं. मिनिटाला एक.

वर जाऊन पाहिलं तर टीव्ही बंद, पण त्याचा सेट टॉप बॉक्स जागा. राउटर जागा. दोघं मिळून 20 वॅट. 20 वॅट म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण ते रात्रंदिवस. महिन्याला 14 युनिटं. वर्षाकाठी आमच्या घरात पावणेदोनशे युनिटं, कुणीही बघत नसलेल्या टीव्हीच्या आणि कुणीही वापरत नसलेल्या वायफायच्या नावावर.

आणि इथे मला त्या 80 पैशांचं खरं माप कळलं. आपलं बिल पायऱ्यांचं असतं: 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, मग 500 पर्यंत, मग त्यापुढे. पहिली पायरी चढलात की वरच्या प्रत्येक युनिटाचा दर दुपटीहून जास्त. वहन आकार धरला तर 101 वं युनिट दहा रुपयांच्या वर जातं, त्यावर 16 टक्के वीज शुल्क वेगळं. म्हणजे त्या पायरीवरचं एक युनिट मुळात वापरलंच नाही तर जे वाचतं, तेवढं वाचवायला डझनभर युनिटं संध्याकाळची उचलून दुपारी न्यावी लागतील. डझनभर युनिटं म्हणजे आमच्या मशीनच्या, थंड पाण्याने धुतलं तर, निदान पस्तीस-चाळीस खेपा. तेवढे कपडे आमच्याकडे नाहीत. असते तर विजेच्या बिलाची चिंता केली नसती.

मी हे सगळं कागदावर मांडलं. आमचं घर महिन्याला 180 युनिटांचं. त्यातलं फार ओढूनताणून 40 युनिट 9 ते 5 मध्ये बसतं. 32 रुपये. दोघांचा एकेक अमृततुल्य चहा, आणि उरल्या पैशांत फार तर क्रीमरोल, तोही निम्मा. त्यातलं पाव काम तर आमच्याशिवायच होतं: फ्रीज दिवसरात्र चालतो, त्याचे एक तृतीयांश तास आपसूक सवलतीत जातात. महिन्याला आठेक रुपये, आणि त्यासाठी बोटही हलवावं लागत नाही. या योजनेचा आमच्या घरातला सर्वांत यशस्वी लाभार्थी फ्रीज आहे.

खरे लाभार्थी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा-आजी. दोघं दिवसभर घरी. चैत्र-वैशाखात दुपारी एसी, तो तासाला युनिट-सव्वा युनिट खातो. मशीन, इस्त्री, पिठाची घरघंटी, सगळं त्यांचं आधीपासूनच अकराला सुरू. आजोबांचं अभिनंदन करायला मी गेलो तर म्हणाले, “आमच्याकडे अजून जुनाच मीटर आहे. नवा बसवायला आले तेव्हा मी परत पाठवलं. दुपारची वेळ होती.”

यावर काय बोलणार?

तरी पुणेकराला विजेच्या हिशेबाचं वावडं आहे असं नाही. 2006 साली राज्यभर भारनियमनाने लोक घामाघूम झाले होते, तेव्हा याच शहराने तोडगा काढला. सीआयआय या उद्योग संघटनेच्या पुढाकाराने कारखान्यांनी आपापले डिझेल जनित्र संच मागणीच्या वेळी चालवायचे, तेवढी ग्रिडची वीज शहराला सुटायची, आणि त्या महाग डिझेलचा फरक शहरातल्या मोठ्या ग्राहकांनी युनिटमागे काही पैसे जादा देऊन भरायचा. ‘प्रयास’सारख्या संस्थेने त्याची आकडेमोड तपासली, वीज नियामक आयोगाने मान्यता दिली, आणि पुणे भारनियमनातून सुटलं. इतरांनी याला ‘पुणे मॉडेल’ म्हटलं. आम्ही म्हटलं, दुपारी पंखा चालू राहिला.

म्हणजे पैसे जास्त देऊन झोप विकत घेणारं हे गाव. त्याला आता पैसे वाचवायला झोप मोडा म्हणून सांगायचं!

त्यात गुरुवार. पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार. पाणीही गुरुवारी बंद, वीजही बहुधा गुरुवारीच, आणि दुरुस्ती अर्थातच दिवसाउजेडी. म्हणजे वीज जेव्हा स्वस्त, तेव्हाच ती नाही. मराठीत याला ‘दात आहेत तर चणे नाहीत’ म्हणतात.

पण मीटरपाशी बसल्याचा एक फायदा झाला. आमच्या मीटरच्या डावीकडे सोसायटीचा सामाईक मीटर आहे. त्यालाही घरगुतीच दर लागतो. तो पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की मी तासभर चुकीच्या ठिपक्याकडे बघत होतो. आमचा पंप 5 हॉर्सपॉवरचा. तासाला साधारण 4 युनिटं. दिवसाला 3 तास, म्हणजे 12. महिन्याला 360. आणि वॉचमन तो लावतो कधी? पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातला. कारण आधीचा वॉचमन तेव्हा लावायचा.

गच्चीवरची टाकी ही खरं तर आमच्याकडची सर्वांत मोठी बॅटरी आहे. अकोले तालुक्यात घाटघरला सरकारने डोंगरावर एक तळं आणि खाली एक तळं बांधून नेमकं हेच केलंय: वीज फावल्या वेळात वापरून पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॅटपर्यंत वीज काढायची. आम्हाला वीज काढायची नाही, फक्त पाणी वर चढवायचं आहे. ते दुपारी एकला चढलं काय नि सातला चढलं काय, बादलीत पडताना त्याला वेळ कळत नाही. मशीनसाठी कुणीतरी घरी लागतं. टाकीसाठी एक टायमर पुरतो.

मी हा प्रस्ताव सोसायटीच्या सभेत मांडला. सचिवांनी तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला. “महिन्याला 288 रुपये. फ्लॅट 40. म्हणजे दरडोई...”

“दर फ्लॅट,” खजिनदार म्हणाले.

“दर फ्लॅट 7 रुपये 20 पैसे.” सभेत हशा. मग कुणीतरी म्हणालं, वर्षाचे साडेतीन हजार होतात की. हशा थांबला. साडेतीन हजारांत वॉचमनच्या दिवाळीतली भर निघते, असं एक बाई म्हणाल्या, आणि कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत असलेला वॉचमन कप खाली ठेवून थांबला. टायमर किती रुपयांना, यावर वीस मिनिटं. टायमर कुणाच्या दुकानातून, यावर चाळीस.

विरोध आला तो तळमजल्यावरून. पंपाची खोली त्यांच्या बेडरूमच्या भिंतीला लागून. “पहाटे पाचचा पंप मी अकरा वर्षं सहन केला,” ते म्हणाले. “तेव्हा मला जाग येते, फिरायला जातो, तब्येत सुधारली. दुपारचा पंप मी एक दिवसही चालू देणार नाही. 7 रुपये 20 पैसे मी माझ्या खिशातून देतो. सगळ्यांचे देतो.”

प्रस्ताव 23 विरुद्ध 1 असा मंजूर झाला. बाकीचे आले नव्हते, सभा दुपारी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी पाटी लागली. सचिवांचंच अक्षर: ‘पाण्याचा पंप यापुढे दुपारी 1 ते 4 चालू राहील. आवाजाविषयीच्या तक्रारी 4 नंतर कराव्यात. 1 ते 4 सचिव विश्रांती घेतात.’