भूषणगड खड्ड्यात

साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या वडूजमधनं पॅरिसला जायला हल्ली एसटी लागत नाही. स्टँडासमोर चहा सांगायचा, मोबाईल काढायचा, दोन बोटांनी पृथ्वी गरकन फिरवायची आणि आयफेल टॉवरवर उतरायचं. चहा यायच्या आत पॅरिस होतं, तो निवेपर्यंत पिरॅमिड होतात आणि पैसे द्यायची वेळ आली की मंडळी नेमकी ॲमेझॉनच्या जंगलात गुंतलेली असतात. व्हिसा नको, विमान नको, पाय दुखत नाहीत. रिचार्ज संपला तरच परदेशात अडकायची भीती.

२००५ च्या जूनमध्ये गुगल अर्थ आलं तेव्हा एवढी चैन नव्हती. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजावे लागायचे आणि पृथ्वी तुकड्यातुकड्यानं, रुसल्यासारखी उमटायची. तरी पोरं रांग लावायची. जग मुठीत आल्यावर पहिलं काय बघितलं म्हणाल, तर स्वतःचं घर. सगळ्यांनीच. वॉशिंग्टनच्या माणसानंही तेच केलं असणार. ताजमहाल, चीनची भिंत वगैरे नंतर. आधी आपला पत्रा, आपली विहीर, आपला बांध आणि शेजाऱ्यानं त्यात मारलेली कोर.

बघणाऱ्यांतल्या निम्म्यांना आजही वाटतं की हे सगळं आत्ताचं आहे. पारावरचे आबा नातवाला विचारतात, “आत्ता मी दिसतोय का रं? हात हलवून बघू का?” नातू सांगतो की फोटो जुना आहे, काही महिन्यांपूर्वीचा, कदाचित दोन-तीन वर्षांपूर्वीचाही; वेगवेगळ्या दिवशी काढलेले तुकडे जोडून केलेला. आबांचा विश्वास बसत नाही. एवढा खर्च करून आभाळात यंत्र सोडायचं आणि शिळा फोटो दाखवायचा, हे त्यांच्या व्यवहारात बसत नाही. येरळेच्या पात्रात एका तुकड्यात पाणी आणि शेजारच्या तुकड्यात नुसती वाळू दिसली तर समजावं की दोन तारखांची शिवण तिथं आहे. नाहीतर आमच्याकडं नदी मधेच संपते, असा बाहेरच्यांचा समज व्हायचा. तसा तो फार चुकीचाही नाही म्हणा.

पण माझी तक्रार शिळेपणाची नाही, उंचीची आहे. उपग्रहाला प्रसिद्ध स्थळांच्या टाळूच दिसतात. आयफेल टॉवर म्हणजे लोखंडी जाळीचा चौकोन. कुतुबमिनार म्हणजे ७२ मीटरचा ठिपका. १८२ मीटरचा स्टॅच्यू ऑफ युनिटी वरून शोधायचा तर आधी त्याची सावली शोधावी लागते, मग तिच्या पायाशी सरदार सापडतात. विजापूरचा गोल घुमट तर निव्वळ गोल. त्याच्या सज्जात कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू जातं, हे त्या गोलाला विचारून कळत नाही. माणसानं उंच बांधलं ते खालच्यानं मान वर करून बघावं म्हणून. आपण बघतोय घारीच्या जागेवरनं, आणि घारीला आजवर कुठल्या इमारतीचं कौतुक वाटल्याचं ऐकिवात नाही.

यापुढची गंमत आमच्या भूषणगडाची. वडूजच्या आसपास फिरलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. सपाट माळावर एकटाच उभा असलेला डोंगर, वर तट, वर हरणाई देवी. कुठल्याही रस्त्यानं या, तो कुठल्या तरी खिडकीत असतोच. आता तोच गड उपग्रहाच्या नकाशात काढा आणि नीट बघा. बऱ्याच जणांना तिथं डोंगर दिसतच नाही, खड्डा दिसतो! माळाच्या मधोमध कुणीतरी खाण खोदून ठेवल्यासारखा.

यात जादू नाही. आपल्या डोळ्यांना लहानपणापासून सवय आहे की उजेड वरून येतो. आपल्या भागात मे ते जुलैचे काही आठवडे सोडले तर सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते आणि नकाशात उत्तर वरच्या बाजूला. मग डोळा म्हणतो, वरची कड काळी, खालची उजळ, म्हणजे हा खळगाच. उजेड खालून येतोय हे मानायला तो तयार होत नाही. लोणारचं नेमकं उलटं. उल्का आदळून झालेलं ते पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं विवर काहींना चक्क टेकाडासारखं वर आलेलं दिसतं. उपाय सोपा आहे. मोबाईल उलटा धरायचा, दक्षिण वर करायची. खड्ड्यातला गड टुणकन बाहेर येतो.

ज्यांना हे कटकटीचं वाटतं ते नकाशा तिरपा करून डोंगर उभे करतात. तीही करमणूकच. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानानं ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं उंच-सखलपणा मोजला. ती मोजणी या उभ्या नकाशांच्या पायात आहे. मोजणी अव्वल, पण ती साधारण तीस मीटरला एक आकडा अशा हिशेबाची. सह्याद्रीचा कडा तीस मीटरची वाट बघत नाही. तो दोन पावलांत दोनशे फूट खाली जातो. त्यामुळं नकाशातले आमचे गड पावसात भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखे गोलसर, ओघळलेले दिसतात. प्रतापगडाचे बुरूज जमिनीला अंथरल्यासारखे आडवे पडलेले. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. सातारा जिल्ह्यातनं प्रतापगडाचा नंबर लागला. त्यानंतर कितीतरी जण तो याच नकाशात ‘करून’ आले. घाट नाही, पायऱ्या नाहीत, धाप नाही. अफजलखानालाही असाच वरच्या वर बघता आला असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या बाजूनं विचार केला तर वाटतं.

बघून झाल्यावर तारे द्यायचे असतात. कुणी गडाला चार देतो, एक कापतो कारण पार्किंगची सोय नाही. कुणी समाधीला तीन. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा निघाला, गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. त्या जागेचाही नकाशात एक टाचणीचा ठिपका करता येतो आणि त्यालाही पाचापैकी किती, असं यंत्र विचारतं. यंत्राला दोष कशाला द्या, त्याला हॉटेल आणि हौतात्म्य एकाच रकान्यात भरायला शिकवलंय.

सगळ्यात मोठी थट्टा औंधची. वडूजपासून पाऊण तासाच्या आत. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संग्रहालय उभं केलं. हा राजा स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रचारक आणि १९३८-३९ च्या सुमाराला आपली सत्ता रयतेच्या हाती देऊन मोकळा झालेला. त्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर! लंडनमध्ये त्याचं काम बघायला गेलेला माणूस वर्षभर सांगत फिरतो. आमच्या टपरीवरची मंडळी मोबाईलवर पॅरिसचं लूव्र म्युझियम बघतात, म्हणजे त्याच्या अंगणातला काचेचा पिरॅमिड आणि भोवतीची छपरं बघतात. औंधचंही छप्परच दिसतं, म्हणून पुढं सरकवतात. दोन छपरांत पॅरिसचं छप्पर मोठं, हे मान्य. पण औंधला उतरून आत जाता येतं, ही सोय पॅरिसच्या छपरात नाही.

आता न्यायानं बोलायचं तर नकाशाचा खरा उपयोग आमच्या भागानं जगाच्या आधी ओळखला. तो पर्यटनासाठी नाही, सोयरीकीसाठी. मध्यस्थ सांगतो, “आठ एकर बागायत, शेततळं, स्लॅबचं घर.” पूर्वी मुलीचा मामा दोन गाड्या बदलून, कुणाकडं तरी पाण्याच्या निमित्तानं जाऊन, खरंखोटं करून यायचा. आता मामा ओसरीवरच चष्मा चढवतो. शेततळ्याचा निळा कागद दिसतो का, घरावर स्लॅब आहे का पत्रा, उसाचा हिरवा पट्टा कुणाच्या गटात येतो, सगळं दहा मिनिटांत. समोरच्याचं म्हणणं ठरलेलं: “फोटो जुना हाय, तळं नंतर झालं.” शिळ्या फोटोचा एवढा चपखल फायदा गुगलच्या अभियंत्यांनाही सुचला नसेल.

आणि गलाईवाले. खटाव, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरलीत. केरळ म्हणू नका, बंगाल म्हणू नका, सराफकट्टा तिथं गलाईवाला. दुकानात भट्टी पेटलेली आणि हातातल्या मोबाईलवर गावचं शिवार. प्रसिद्ध स्थळ त्यांच्या गल्लीच्या टोकाला असतं, पर्यटक त्याचे फोटो काढत असतात आणि हे बघत असतात पाझर तलावात पाणी आहे का. यांना मी हसत नाही. यात्रेला येणं होतं वर्षातनं एकदा. मधल्या दिवसांत एवढं एकच गाव परवडतं.

भीती वाटणारेही होते. २००५ मध्येच राष्ट्रपती कलाम यांनी पोलीस अधिकाऱ्यांपुढं या नकाशांबद्दल काळजी बोलून दाखवली होती, की संवेदनशील जागा कुणालाही दिसतील. २००९ ला इस्रोनं आपला ‘भुवन’ काढला. २०२१ ला सरकारनं नकाशांचे नियम सैल केले, २०२२ ला गाड्यांवरून काढलेले रस्त्यांचे फोटो दहा शहरांपुरते नकाशात आले. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि नगरसुद्धा होतं, सातारा नव्हतं. बरंच झालं. आमच्या रस्त्यांवरून तेव्हाच गाडीच्या टपावर कॅमेरा नेला असता तर खड्डे कसे बसवतात याचं प्रात्यक्षिक सगळ्या जगानं बघितलं असतं.

इथवर सगळी मौज आहे. चहाच्या टेबलावरचा माणूस वरून जग बघून मत बनवतो, त्यात कुणाचं काही जात नाही. पण तीच सवय कचेरीला लागली की जातं. दुष्काळ ठरवायच्या केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीत पावसाचा खंड बघतात, मग जमिनीतली ओल, पेरणी, भूजल आणि उपग्रहाला दिसलेला हिरवेपणा. नंतर काही गावांत जाऊन पडताळणी. कागदावर शहाणपणाचं आहे, नुसत्या उपग्रहावर खापर फोडणं बरं नव्हे. तरीही ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा सातारा जिल्ह्यातले दोन तालुके निघाले: वाई आणि खंडाळा. कृष्णाकाठचं, धोम धरणाचं वाई दुष्काळी. आमचे कोरडे माण-खटाव यादीत नाहीत. शेजारच्या सांगलीत शिराळा होता. ज्याच्या माथ्यावर चांदोलीचा पाऊस कोसळतो ते शिराळा. खानापूर आणि कडेगावही होते. म्हणजे मायणी सोडून विट्याच्या रस्त्यानं तालुक्याची हद्द ओलांडली की दुष्काळ सुरू, मागं वळून बघितलं की सुकाळ. मायणीच्या तलावावर यायचे ते रोहित पक्षीही एवढी काटेकोर हद्द पाळत नसतील.

ओरड झाली, मग महसूल मंडळं धरून ‘दुष्काळसदृश’ अशी दुसरी यादी निघाली. सदृश हा शब्द सरकारला फार प्रिय. टँकरमधलं पाणी मात्र सदृश चालत नाही.

वरून बघणाऱ्याची अडचण मी समजू शकतो. त्याला हिरवं दिसतं. ते घेवड्याचं आहे का वेड्या बाभळीचं, हे त्यानं कसं ओळखावं? तालुका म्हणजे त्याला एक ठिगळ, आणि ठिगळाची सरासरी निघते, घशाची निघत नाही. आम्ही यादीत असायचो तेव्हा निदान केंद्राचं पथक यायचं. पंधरा-वीस गाड्यांचा धुरळा उडायचा, साहेब दहा मिनिटं बांधावर उतरायचे, निम्मा वेळ टोपी सावरण्यात जायचा. पण शेतकऱ्याला करपलेलं धाट त्यांच्या हातात देता यायचं, आणि फोटोपुरतं का होईना, ते धरावं लागायचं. आता बघणारा सातआठशे किलोमीटर वर. त्याला दिसेल असं धाट उंच धरावं म्हटलं, तर यादीच्या त्या साली आमची बाजरी गुडघ्याच्या वर गेलीच नव्हती.