मोजेवाला इंजिनिअर

सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या जळकोटात ऐन मे महिन्यात जो गडी दोन्ही हातांत मोजे घालून हॉटेलात चहाला येतो, तो आमचा मोजेवाला इंजिनिअर. "एवढ्या उन्हात मोजे घालून काय करलालास रे?" असं विचारणाऱ्याचा चहा थंड झालाच म्हणून समजा. बोटाला बोट टेकवलं की कॉम्प्युटरवर अक्षर उमटतं आणि कीबोर्ड म्हणजे टेबलाची गुलामी, हे पटवता पटवता दुसरा कप येतो. पैसे विचारणाराच देतो.

आपलं घराणं तो डग्लस एंगलबार्टपासून सांगतो. या गृहस्थानं 1968 साली सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माउस दाखवला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताखाली पाच बटणांचा संचही होता. पाच बोटांच्या जुळण्या होतात 31; इंग्रजीची 26 अक्षरं त्यात ऐसपैस बसतात. माउस घरोघरी गेला, बटणं मागं राहिली. हा अन्याय आता जळकोटातून दूर व्हायचा आहे. बेल लॅब्जच्या गॅरी ग्राइम्सना 1983 मध्येच अशा मोज्याचं पेटंट मिळालंय, असं कुणी सुचवलंच, तर "त्यांना कुठं 'ळ' काढायचा होता?" हे उत्तर तयार.

घोडं अडलंय तेही तिथंच. स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वर जोडाक्षरं! 31 पुरेनात म्हणून दुसऱ्या हातातही मोजा आला. 'क्ष' काढताना करंगळी आखडते. अर्जात हटकून लागतं म्हणून 'जिल्हा उस्मानाबाद' एका मुठीत बसवलं होतं. 2023 मध्ये जिल्हा धाराशिव झाला आणि मूठ वाया गेली. शिवाय हातवारे केल्याशिवाय याला बोलता येत नाही. त्यामुळं मोजा समजावून सांगताना पडद्यावर भलतंच उमटतं, आणि तंबाखू मळली की ओळभर 'ळळळळ'.

मोज्यात सुधारणा रोज होते, मोजा पुरा मात्र होत नाही. परवा तुळजापूरच्या तहसीलला द्यायचा अर्ज टायपिंगचा क्लास केलेल्या धाकट्या बहिणीनं चहा उकळेपर्यंत टाइप करून दिला. "तुझ्या कीबोर्डाला भविष्य नाही," असं तिला सुनावत यानं त्यावर सही केली. मोजा काढून.

अशा माणसाला वेडा ठरवू नका. गावात असा एक तरी हवाच. कधी जळकोटाला आलात तर त्याचा मोजा जरूर घालून बघा. अर्ज मात्र बहिणीकडूनच करून घ्या.