गर्जेल तो पडेल काय

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण इंग्लंडमधल्या खासगी पार्किंग कंपन्यांना कोणा मराठी माणसाने शिकवली असेल असं वाटत नाही. पण त्यांचा धंदा चालतो तो तिच्याच जिवावर. शहाणा माणूस पायरी चढत नाही. साठ पौंड भरतो, दोन दिवस धुसफुसतो आणि पुढच्या वेळी गाडी लांब लावून चालत येतो.

या देशात पार्किंगच्या पावत्यांच्या दोन जाती आहेत. रस्त्यावर कौन्सिलची मिळते, ती सरकारी. सुपरमार्केटच्या नाहीतर हॉटेलच्या आवारात मिळते, ती खासगी. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पण खासगी पावती म्हणजे दंड नव्हे, करार मोडल्याचं बिल. करार कधी केला, असं विचारू नका. आत शिरताना खांबावर जो फलक होता, तोच करार. गाडी लावलीत, तीच तुमची सही. फलकावरची ठळक अक्षरं पार्किंग मोफत असल्याचं सांगतात, बाकीचं बारीक अक्षरं सांगतात.

हे बिल कोर्टात टिकणार नाही, असं पूर्वी बरेच जण छातीठोकपणे सांगत. मग बॅरी बेव्हिस नावाचा एक फिश अँड चिप्सचा दुकानदार उभा राहिला. २०१३ साली चेम्सफर्डच्या एका मोफत पार्किंगमध्ये तो दोन तासांऐवजी ५६ मिनिटं जास्त थांबला आणि पार्किंगआय कंपनीने त्याला ८५ पौंडांचं बिल लावलं. गडी पायऱ्या चढत चढत थेट सुप्रीम कोर्टात पोचला. नोव्हेंबर २०१५ मध्ये सातपैकी सहा न्यायमूर्तींनी त्याच्या विरोधात कौल दिला. तेव्हापासून छाती तीच आहे, ठोकणारे कमी झाले आहेत.

त्याआधी मामला रोकडा असे. खासगी जागेत गाडी लावली की चाकाला जॅमर, आणि शेजारी हात बांधून उभा असलेला दांडगा इसम. ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेतल्या जॅमरवर बंदी आली आणि त्याच कायद्याने कंपन्यांना वेगळी सोय करून दिली: गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तरी ठरलेल्या अटी पाळल्या की ती ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून पैसे मागता येतात. कंपनी गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या डीव्हीएलएकडे अडीच पौंड भरते आणि आपलं नाव-पत्ता मिळवते. इतक्या स्वस्तात तर लग्न जुळवणारेही स्थळाची माहिती देत नाहीत. इसम गेला, पोस्टमन आला.

आमच्याकडे तो आला तेव्हा सासरे मुक्कामाला होते. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले अण्णा. त्यांची लेक त्या दिवशी सकाळी कोथिंबीर आणायला सुपरमार्केटात गेली होती आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी दही आणायला पुन्हा. कॅमेऱ्याने सकाळचं येणं टिपलं, संध्याकाळचं जाणं टिपलं, आणि मधलं जाणं-येणं त्याच्या नजरेतून सुटलं. कंपनीच्या हिशेबाने आमची गाडी दिवसभर तिथेच होती. हा प्रकार इथे इतका नेहमीचा आहे की त्याला ‘डबल डिप’ असं नावही आहे.

पहिलं पत्र सौम्य होतं. नंबरप्लेटचे दोन फोटो, शंभर पौंडांची मागणी, चौदा दिवसांत भरल्यास साठ. आम्ही रीतसर हरकत घेतली, ती छापील मजकुराने फेटाळली गेली. मग स्मरणपत्र. मग कर्जवसुली कंपनीचं पत्र आलं, त्यात आणखी सत्तर पौंड चढलेले. त्यानंतर लाल मथळा, पुढे लाल चौकट. एकात आमच्यावर दावा झाल्यास घर घ्यायला कर्ज कसं मिळणार नाही याची काळजी होती; दुसऱ्यात आमची अडचण ओळखून खास सवलत. एकाच तोंडाने धमकी आणि सेल.

“देऊन टाका हो, जावईबापू,” पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले होते. “परमुलखात कशाला कटकट?” लाल पत्र आलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा लावला. त्यांनी मजकूर आधी वाचलाच नाही. कागद उजेडाकडे धरला, मागून पाहिला, तळाशी बोट नेलं. सही नव्हती. शिक्का नव्हता. कुठल्या कलमान्वये, ते नव्हतं. “जावक क्रमांक एवढा लांबलचक, आणि खाली नाव कोणाचंच नाही?” कागद त्यांनी टीपॉयवर ठेवला. “नोटीस मी उभ्या हयातीत काढल्या. ज्याच्या हातात जप्तीचा अधिकार असतो, तो लाल शाई नाही वापरत. त्याला गरज काय?”

इंग्लंडचा कायदा अण्णांना ठाऊक नव्हता, पण निदान अचूक होतं. कर्जवसुली कंपनी म्हणजे बेलिफ नव्हे. तिला तुमच्या दारातून आत यायचा हक्क नाही, सामानाला हात लावायचा नाही, तुमची पत बिघडवायचाही नाही. तिच्यापाशी अधिकार एकच, पत्र लिहिण्याचा; तो तुम्हाआम्हालाही आहे.

खरं पत्र अगदी साधं दिसतं. ते नॉर्थॅम्प्टनहून, दिवाणी कोर्टाच्या केंद्रातून येतं. त्यात ना लाल चौकट, ना सवलत. दाव्याचा फॉर्म आणि उत्तर द्यायची मुदत. आधीच्या गर्जनांना सरावलेला माणूस हेही पाकीट त्याच गठ्ठ्यात टाकतो आणि तिथे फसतो. उत्तर गेलं नाही तर निकाल एकतर्फी लागतो, आणि महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं नोंदीत राहतो. पत्रातली काळजी तेव्हा खरी ठरते.

आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. वकिलाचं इशारापत्र आलं तेव्हा उत्तराचा मसुदा अण्णांनी केला: विषय, संदर्भ एक ते पाच, आणि शेवटी ‘सोबत: वरीलप्रमाणे’. लेकीने तो इंग्रजीत उतरवला. सोबत होती दोन्ही वेळची बिलं आणि दुपारी गाडी तिच्या ऑफिसच्या आवारात होती, याची तिथल्या गेटवरची नोंद. काही दिवसांनी ओळीदोन ओळींचं उत्तर आलं: मागणी मागे घेत आहोत. दिलगिरी नव्हती. सहीही नव्हती, पण या वेळी अण्णांनी हरकत घेतली नाही.

आमच्या मराठी मंडळींत या बाबतीत दोन पंथ आहेत. एक पंथ पत्र दिसताच पैसे भरतो. दुसरा ‘हे सगळं बोगस असतं’ म्हणत ते कचऱ्यात टाकतो. दोघे एकमेकांना मूर्ख समजतात, पण पत्र न वाचण्यात दोघांचं एकमत आहे. धंदा या एकमतावर चालतो: भित्र्याकडून साठ येतात, बेदरकाराकडून पुढे निकालासकट वसूल होतात. नुकसान करतो तो मधला, जो बिलं जपून ठेवतो आणि मुदतीत उत्तर पाठवतो.

अण्णा परत गेले, पण त्यांचा मसुदा इथल्या बऱ्याच घरांतून फिरतो आहे आणि त्यांच्याकडे सल्ल्यासाठी फोनही येतात. सल्ला एकच असतो: आधी वाचा, मग घाबरा. बहुतेक वेळा दुसऱ्या कामाची वेळ येत नाही. पाकीट नॉर्थॅम्प्टनचं असेल तर मात्र खुशाल घाबरा, पण मुदतीत.