मरणाची फाइल कोणाच्या टेबलावर?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात इच्छामरण कधीचंच सुरू आहे. कायदा होईपर्यंत थांबायला आपल्याला सवड नव्हती. फक्त इथे इच्छा पेशंटची नसते, बिलाची असते. हॉस्पिटलवाले त्याला 'डामा' म्हणतात.

डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून नातेवाइकांनी मागून घेतलेला डिस्चार्ज. आयसीयूचं डिपॉझिट संपतं. मंगळसूत्र गहाण पडून झालेलं असतं, गावच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नसतं. काउंटरवरून निरोप येतो, 'अजून पन्नास भरा.' थोरला मुलगा जिन्यात जाऊन दोन फोन करतो आणि तसाच परत येतो. मग जावई पुढाकार घेतो, 'घरी नेऊ, घरी सेवा करू.' एका छापील कागदावर सही होते, 'आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंटला नेत आहोत.' डॉक्टर सुटले, हॉस्पिटल सुटलं आणि बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर दोन दिवसांनी पेशंटही सुटला. तेराव्याला जेवताना सगळे म्हणतात, 'बरं झालं, हाल नाही झाले.' कोणालाही नैतिक प्रश्न पडत नाही.

आता समजा, पैसे आहेत. मेडिक्लेम आहे, मुलगा परदेशात आहे. आजोबांनी शुद्धीत असताना दहा वेळा बजावलंय, 'मला नळ्या लावून ठेवू नका.' इथे मात्र कायदा खडबडून जागा होतो.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की सन्मानाने मरणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बरं होण्याची आशा नसेल, तर कृत्रिम उपचार नकोत असं माणसाला आधीच लिहून ठेवता येईल. हेच ते लिव्हिंग विल. निकाल उदार होता, अटी सरकारी होत्या. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. वेळ आली की वीस-वीस वर्षं अनुभव असलेले तज्ज्ञ बसणार आणि शेवटी मॅजिस्ट्रेट स्वतः खाटेपाशी येऊन पेशंटला पाहणार. जिथे चेक बाउन्सच्या खटल्यात तारखेवर तारीख पडते, तिथे मॅजिस्ट्रेट आयसीयूत येईपर्यंत यमही कंटाळून दुसऱ्या वॉर्डात गेला असता.

हे जमत नाही, हे न्यायालयालाही कळलं. २४ जानेवारी २०२३ रोजी अटी सैल झाल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव चालतो. डॉक्टरांची मंडळं मात्र आधीसारखीच दोन राहिली. एक हॉस्पिटलचं आणि दुसरं जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेल्या डॉक्टरसह. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आणि नळी काढण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं.

मांडा हिशेब. पेशंटच्या शब्दाखातर नळी काढायची, तर दोन मंडळं, सहा डॉक्टर आणि कोर्टाला पत्र. पैसे संपले म्हणून काढायची, तर जावयाची सही.

२०२३ च्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. लिव्हिंग विलचा कागद घरात कपाटात ठेवून भागत नाही. त्याची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायची. त्या अधिकाऱ्याला कस्टोडियन म्हणायचं. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि ते घ्यायला कोणी नेमलेलंच नाही म्हणून थेट उच्च न्यायालय गाठलं. तेव्हा कुठे २०२४ मध्ये राज्यभर कस्टोडियन नेमल्याचं सरकारने सांगितलं. एका माणसाला आपलं मरण सरकारदरबारी जमा करायला जनहित याचिका लागली!

आमच्या उल्हासनगरात बेकायदा इमारत दंड भरून नियमित व्हावी म्हणून २००६ मध्ये खास कायदा झाला. घर नियमित करण्याचे दर गल्लीतल्या एजंटापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होते. मरण नियमित करणाऱ्या साहेबाचं नाव तुमच्या गल्लीत कोणाला ठाऊक आहे का, विचारून बघा. एजंटांनाही या धंद्यात रस दिसत नाही, कारण यात एफएसआय नाही.

इथवर झालं ते उपचार थांबवण्याबद्दल. खरा वाद त्याच्या पुढचा आहे. मरणाच्या दारातल्या माणसाने मागितलं, तर डॉक्टरने औषध देऊन त्याला मरायला मदत करावी का? नेदरलँड्समध्ये २००२ पासून आणि अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून हे कायद्याने चालतं. स्वित्झर्लंड त्याहून जुनं. २० जून २०२५ रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने, सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलेल्यांसाठी असं विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत केलं. आपल्याकडे अशी मदत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०८, दहा वर्षांपर्यंत शिक्षा.

यावर आपल्याकडे परिसंवाद भरला, की तीन नावं हमखास निघतात. ज्ञानेश्वरांची समाधी, सावरकरांचं १९६६ मधलं प्रायोपवेशन आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला केलेला अन्नत्याग. सभागृह माना डोलावतं. पण विनोबांभोवती आश्रम होता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एकट्या विधवेभोवती पाण्याचा ड्रम आणि थकलेलं वीजबिल असतं. दोघांची इच्छा एकाच तराजूत कशी घालायची?

मरण मागणाऱ्याला नेमकं काय हवं असतं, हे आपण विचारतच नाही. महाराष्ट्रात मरणाच्या हक्काचा पहिला मोठा खटला आठवा. १९८५ मध्ये मुंबई पोलिसांतल्या एका आजारी शिपायाने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर जीव द्यायचा प्रयत्न केला. कारण काय? बायकोला भाजीचं दुकान टाकायचं होतं, परवाना मिळेना. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, त्यात न्या. पी. बी. सावंत होते, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा घटनेत बसवलं. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येतो का, यावर विद्वानांनी दहा वर्षं खल केला. शिपायाला परवाना हवा होता.

डिसेंबर २०१७ मध्ये गिरगावातल्या नारायण आणि इरावती लवाटे या जोडप्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरण मागितलं. दोघं वयस्कर, मूलबाळ नाही, पण मोठा आजारही नाही. भीती एकच, उद्या अंथरुणाला खिळलो तर? त्या भीतीचं उत्तर राष्ट्रपती भवनात नव्हतं. ते गिरगावातच असायला हवं होतं.

आता आपल्या लोकलमध्ये या. सकाळी बदलापूरहून निघणाऱ्या गाडीत दिव्यांगांच्या डब्यात बघा. कॅन्सरच्या पेशंटला त्या डब्यात बसायची मुभा आहे. तोंडाला रुमाल बांधलेला कोणीतरी परळला टाटा हॉस्पिटलला निघालेला असतो. गुटख्याने जबडा खाल्लेला, जखमेला वास. तो म्हणतो, 'आता सोडवा.' त्याला 'जीवन पवित्र आहे' असं सुनवणं हा उद्धटपणा आहे. त्याची वेदना खरी आहे आणि मागणीही शुद्धीत केलेली आहे.

पण त्याला विचारा, मॉर्फिन मिळतं का? आपल्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तिच्यापासून होणारी ही गोळी काही रुपयांची. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने तिच्याभोवती परवान्यांचं इतकं मोठं कुंपण घातलं, की चोराऐवजी पेशंटच बाहेर राहिला. २०१४ मध्ये कायदा बदलला, कुंपण सैल झालं. आता मॉर्फिन ठेवायला एक सरकारी मान्यता पुरते. पण ज्या दवाखान्याने ती घेतलेलीच नाही, तिथे त्या दुरुस्तीचा उपयोग काय? टाटामध्ये वेदना शमवणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून मरणाऱ्यांची विनामूल्य सेवा करतंय. ज्याच्याने गाडीत चढवत नाही, त्याच्यासाठी वांद्रे आणि स्वित्झर्लंडचं झुरिच सारखेच लांब.

म्हणून माझा निकाल ऐका. डॉक्टरने मरायला मदत करावी असा कायदा मला आज या पट्ट्यात नको आहे. देवाने दिलेलं आयुष्य वगैरे कारण त्यामागे नाही. इथे वन-आरके घराचा हप्ता चालू असतो, खाट एकच असते आणि आजी रोज म्हणते, 'माझं ओझं झालंय तुम्हाला.' त्या वाक्याला कायद्याने 'इच्छा' म्हटलं, तर फॉर्म भरायला घरचेच पेन शोधून देतील. वेदना कमी करायची सोय आधी द्या. ती मिळूनही कोणी शांतपणे मरण मागितलं, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. आणि संस्कृतिरक्षकांनो, तोवर तुम्हीही गप्प बसू नका. इच्छामरणाच्या विरोधात मोर्चा काढणार असाल, तर तो सरकारी रुग्णालयावर न्या आणि मॉर्फिन मागा.

हे परवडत नाही, असं कोणी म्हणालं, तर अरुणा शानभाग यांचं नाव घ्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका असलेल्या अरुणांवर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्या त्याच हॉस्पिटलात होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. केईएम हे काही पंचतारांकित हॉस्पिटल नाही, महापालिकेचं आहे.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांचं अन्न थांबवावं म्हणून याचिका केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याचं दार देशात पहिल्यांदा उघडलं. आणि अरुणांच्या वतीने बोलायचा हक्क दिला केईएमच्या कर्मचाऱ्यांना. चादर ज्याने बदलली, शब्द त्याचा.

हा निकष आपल्या घरी लावा. सासऱ्यांचा डायपर कोण बदलतं? सून. रात्री दोनला उठून कूस कोण बदलतं? सून. आयसीयूबाहेर डॉक्टर कोणाला बाजूला घेतात? मुलाला आणि जावयाला. व्हिडिओ कॉलवरून 'काहीही करा, पैशांची काळजी करू नका' असं कोण ओरडतं? चार वर्षं घरी न आलेला दुबईचा धाकटा. निर्णय त्याच्या आवाजाचा आणि उस्तवार सुनेची.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात दोन कामं करा. आपली शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत आणि निर्णय कोणी घ्यायचा, हे दोन साक्षीदारांसमोर लिहा, नोटरी करा आणि त्यात तिच्या संमतीने सुनेचं नाव घाला. मग तो कागद घेऊन आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत जा. पाणीपट्टीच्या रांगेत उभे राहू नका, थेट विचारा, 'लिव्हिंग विलचा कस्टोडियन कोण?' साहेबांचं नाव कळलं, तर कागद जमा करून पोच घ्या. 'असलं काही इथे नसतं' असं उत्तर आलं, तर तेच लेखी मागा आणि त्याचीही पोच घ्या.